स्प्रिंगफॉर्म, चक्का आणि रविवारचा आचारी

परवा हापिसात डबे उघडून बसलो असताना टीममधल्या एका नव्या पोराने सहज विचारलं, "स्प्रिंगफॉर्म पॅन घेतलाय, त्यात काय काय करता येतं रे?" झालं. टेबलावरच्या सहा जणांनी सहा उत्तरं दिली. कुणी म्हणे साधा केक, कुणी ढोकळा, कुणी पिझ्झा. एकाने तर बिर्याणी सांगितली, कुठल्याशा व्हिडिओत पाहिली होती म्हणे. मी तोंड उघडणार एवढ्यात दीडची मीटिंग आली. त्यामुळे माझं उत्तर तिथेच राहिलं, आणि ते तसंही डब्याच्या वेळात मावण्यासारखं नव्हतं. ते आज इथे.

माझं मत एका वाक्यात असं: जे उलटं करून काढता येत नाही, तेच स्प्रिंगफॉर्ममध्ये भाजावं. बाकी सगळ्याला आईचा जुना ॲल्युमिनियमचा डबा पुरतो.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्प्रिंगफॉर्म म्हणजे दोन तुकड्यांचं भांडं. एक सपाट तळ आणि एक गोल कडं. कड्याला बाजूला बकल असतं. ते दाबलं की कडं आवळतं आणि त्याच्या आतल्या खाचेत तळ घट्ट बसतो. बकल सोडलं की कडं सैल होऊन वर उचलून निघतं आणि आतला पदार्थ जागेवरून न हलता तळावर उभा राहतो. बस, एवढंच. साधा स्पंज केक आपण जाळीवर पालथा घालतो, डब्याच्या बुडावर दोन थापा मारतो आणि तो निघतो, त्याला ह्या यंत्रणेची काही गरज नाही. पण वर खरपूस रंग आलेला, आत दह्यासारखा मऊ असा चीजकेक पालथा घालून बघा. मी घातलाय. त्याबद्दल नंतर.

माझा पॅन जर्मनीचा आहे. २०२२ साली कंपनीने सहा महिन्यांसाठी श्टुटगार्टला पाठवलं होतं. तिथे रविवारी दुकानं बंद. नुसती निवांत वगैरे नव्हे, खरोखर बंद, कायद्यानेच. पहिल्या रविवारी घरात एक कांदा आणि अर्धा ब्रेड होता, दुपारी तीनपर्यंत मी तेवढ्यावर काढली. तीन वाजता खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी दार वाजवलं आणि कॉफीला बोलावलं. त्यांच्याकडे रविवारी दुपारी कॉफी आणि कूखन म्हणजे आपल्याकडे चार वाजता चहा असतो तसं, प्रश्नच नाही. टेबलावर एक गोल, पिवळसर, वर तपकिरी डाग पडलेला केक होता. मी पहिला घास घेतला आणि (हसू नका) मला दसऱ्याच्या श्रीखंडाची आठवण झाली. तोच आंबटपणा, तोच जिभेवर बसणारा दाट लगदा, फक्त भाजलेला.

त्याचं नाव केझकूखन. शब्दशः चीजकेकच, पण आपण मॉलमध्ये चारशे रुपयांना एक त्रिकोण खातो तो अमेरिकन चीजकेक वेगळा. तो क्रीम चीजचा. क्रीम चीज हा प्रकारच मुळात १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातला. जर्मन केकमध्ये असतं क्वार्क. क्वार्क म्हणजे दूध विरजून, त्यातलं पाणी काढून उरलेला ताजा गोळा. जरा ओळखीचं वाटतंय का? विरजणाचे जंतू वेगळे असतात आणि क्वार्कला बहुधा थोडं रेनेट लावतात. पण चमच्यावर घेऊन डोळे मिटले तर तो आपल्या चक्क्याचा चुलतभाऊ आहे हे कळायला फूड टेक्नॉलॉजीची पदवी लागत नाही.

पुढची गंमत अजून बाकी आहे. काही आठवड्यांनी मी बाईंकडे शिकायला बसलो, तेव्हा त्यांनी क्वार्कमध्ये अंडी, साखर, लिंबाची साल घातली आणि मग एक छोटं पाकीट फोडलं. व्हॅनिला पुडिंग पावडर. ३७ ग्रॅमचं ठरलेलं पाकीट, प्रत्येक दुकानात मिळतं. मी मागचं लेबल वाचलं तर मक्याचा स्टार्च आणि व्हॅनिलाचा वास. म्हणजे आपली कस्टर्ड पावडर! जी आपल्या प्रत्येकाच्या घरात फ्रूट सॅलडसाठी आणलेली असते आणि उरलेला डबा वर्षभर फडताळात मागे सरकत जातो, तीच.

ती तिथे काय करते हे समजून घेण्यासारखं आहे. अंड्यातली आणि दह्यातली प्रथिनं तापली की एकमेकांना धरून जाळं करतात, म्हणून पदार्थ सेट होतो. जास्त तापली की जाळं आवळत जातं आणि पिळल्यासारखं पाणी बाहेर टाकतं. आपण ह्याला फाटलं म्हणतो. स्टार्च मध्ये घुसला की प्रथिनांना इतकं घट्ट आवळता येत नाही, आणि सुटणारं पाणी तो थोडंफार धरूनही ठेवतो. त्यामुळे पाच-दहा डिग्री इकडेतिकडे झाल्या तरी केक माफ करतो. अमेरिकन रेसिपीत हे काम बरेच जण गरम पाण्याच्या परातीकडे देतात, जर्मन बाई पाकिटाकडे देते. आणि स्प्रिंगफॉर्मच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, कारण स्प्रिंगफॉर्म गळतो.

हो, गळतो. कितीही महागाचा घ्या. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे त्यात पाणी भरा आणि बेसिनवर धरा. माझा जर्मन पॅन दहा सेकंदांत ठिबकायला लागला. दोन तुकडे एकमेकांवर दाबून बसवलेत, मध्ये रबर नाही, मग गळणारच. म्हणजे ज्या भांड्यात पाणी राहत नाही ते भांडं पाण्याच्या परातीत ठेवा, असं सगळ्या इंग्रजी रेसिप्या सांगतात! वर फॉइलचे दोन थर गुंडाळा म्हणतात. फॉइलला एक बारीक चीर गेली की संपलं.

मी हे सगळं वाचून, माहीत असून, केलंच. इथून पुढे प्रकरण केकपुरतं राहत नाही.

परत आल्यावर तो पॅन वर्षभर माळ्यावर होता. कारण शुद्ध भूमिती. जर्मन घरातला ठरीव पॅन २६ सेंटीमीटरचा आणि आमचा ओटीजी २८ लिटरचा. पॅन आत जायचा, पण बकल बाहेर आलेलं असतं ते दाराच्या काचेला टेकायचं. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडला ठेवला तर ताटली फिरताना बकल भिंतीला अडायचं आणि घरघर असा आवाज यायचा. शेवटी बोहरी आळीतून २० सेंटीमीटरचा घेतला. (घेणाऱ्यांनो, आधी ओव्हनची आतली खोली मोजा, त्यातून बकलचे तीन-चार सेंटीमीटर वजा करा, मग दुकानात जा.)

आणि पहिल्याच खेपेला इंजिनियरिंगची पदवी पणाला लावली. २६ ची रेसिपी २० मध्ये बसवायची म्हणून मी सगळं पाऊण केलं, कारण २० भागिले २६ म्हणजे साधारण पाऊण. अर्धा लिटर मिश्रण ओटीजीच्या खालच्या रॉडवर सांडून पेटायच्या बेतात आल्यावर लक्षात आलं की व्यासाचा वर्ग घ्यायचा असतो. ४०० भागिले ६७६, म्हणजे पाचातले तीन भाग. चौथीच्या पोराला येणारं गणित. घरभर जळक्या दह्याचा धूर, आणि बायको दारात उभी राहून काही न बोलता पंखा फुल करत होती.

त्यानंतर मात्र मला नाद लागला. दर रविवारी काहीतरी. सकाळी दहाला मी ओटा ताब्यात घ्यायचो, दोन वाजता फोटो काढायचो. फोटोला हापिसातून बदाम आणि टाळ्या. "काय नशीबवान बायको आहे तुझी!" असं चार जणींनी तरी लिहिलं असेल.

मागच्या वर्षी एका रविवारी सासू-सासरे जेवायला येणार होते. मी जाहीर केलं, गोड मी करणार, न्यूयॉर्क चीजकेक. फॉइल गुंडाळलं, परातीत उकळतं पाणी ओतलं, सगळं पुस्तकाप्रमाणे. साडेअकराला बाहेर काढला तर फॉइलमध्ये कपभर पाणी, आणि बिस्किटाचा तळ चहात पडलेल्या पार्ले-जीसारखा. मी तो वाचवायला निघालो. तळ काढून दुसऱ्या ताटलीवर घ्यावा म्हणून पालथा घातला. वर म्हटलं ना, घातलाय. तो ओट्यावर, ओट्यावरून कपाटाच्या फटीत आणि तिथून माझ्या पायावर. ओव्हनमधून नुकताच निघालेला चीजकेक पायावर पडला तर किती भाजतं हेही त्या दिवशी कळलं.

मी हॉलमध्ये बर्फ लावून तोंड पाडून बसलो. पंधरा मिनिटांनी आत गेलो तर बायको फटीतला चक्का... म्हणजे क्रीम चीज सुरीने खरवडत होती. कुकर लावलेला, बटाट्याची भाजी झालेली, पोळ्यांची कणीक झाकून ठेवलेली. मी म्हटलं, "सॉरी गं, माझा मूडच गेला." ती वर न बघता म्हणाली, "तुझा मूड जातो. माझा गेला तर जेवण होत नाही." आणि मग थोडं थांबून, "तू रविवारी करतोस त्याला बेकिंग म्हणतात आणि मी रोज करते त्याला काय, तर स्वयंपाक."

ती पण आयटीतच आहे. माझ्यापेक्षा एक वर्षाने सिनियर. हे आधीच सांगायला हवं होतं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी तरी करतो, बाकीचे नवरे तेवढंही करत नाहीत, वगैरे सगळी वाक्यं डोक्यात तयार होती. बोललो नाही, कारण पाय दुखत होता. संध्याकाळी एकटाच बसून त्या दिवसाचा हिशोब मांडला, आम्ही टाइमशीट भरतो तसा. मी ओटा अडवला साडेतीन तास. भांडी पडली अकरा, त्यातली मी धुतली शून्य. लोणी वितळवलेलं भांडं तसंच सिंकमध्ये, त्यावर पांढरा थर. आणि हे एका रविवारचं. असे रविवार मी आठ-नऊ महिने घातले होते आणि वर फोटोवर नशीबवान बायकोचे शेरे गोळा केले होते. घरी मावशी येतात भांड्यांना, पण रविवारी त्यांची सुट्टी. माझे सगळे पराक्रम रविवारीच असायचे हा योगायोग नव्हता. म्हणजे असेल योगायोग, पण सोयीचा होता.

तेव्हा मला जर्मन बाईंची एक गोष्ट आठवली, जी तिथे असताना माझ्या डोक्यात शिरली नव्हती. त्या केक शनिवारी भाजायच्या. कायम. एक कारण तर उघड, रविवारी एखादी वस्तू कमी पडली तर आणणार कुठून? पण खरं कारण पदार्थातच आहे. क्वार्कचा किंवा चक्क्याचा केक गरम असताना कापताच येत नाही. ओव्हन बंद करायचा, दार थोडं किलकिलं ठेवायचं, तासभर आतच राहू द्यायचा, मग बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तो घट्ट होतो, आंबट-गोड एकमेकांत मुरतं आणि कडं सोडलं की स्वच्छ भिंत उभी राहते. रविवारी सकाळी भाजून दुपारी पाहुण्यांपुढे ठेवायचा हा पदार्थच नाही. मी जी धांदल करत होतो ती रेसिपीनेच मागितलेली नव्हती!

म्हणून आता माझ्याकडे जे काही होतं ते शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर होतं. ओटा रिकामा असतो. कुणाच्या पोळ्या अडत नाहीत. केक आत असतो तेव्हा पन्नास मिनिटं मोकळी असतात, तेवढ्यात भांडी होतात. पॅन धुवायचं तंत्रही शिकलो. कड्याची खाच आणि बकलचा सांधा इथे पीठ अडकतं आणि पाणी राहिलं की गंजतं. जुन्या टूथब्रशने घासायचं आणि नंतर बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये दोन्ही तुकडे सुटे ठेवून वाळवायचे. पहिल्या वर्षी मी हा पॅन मावशींसाठी तसाच टाकून ठेवायचो. त्यांनी तारेच्या घासणीने तो लख्ख केला, नॉनस्टिकसकट. त्यांना दोष कसा देणार, त्यांचं काम लख्ख करणं. तेव्हापासून तळाला बटर पेपर. पेपर मोठा कापायचा, तळावर पसरायचा, वरून कडं आवळायचं आणि बाहेर आलेला भाग तसाच ठेवायचा. एक छोटी युक्ती: तळाला बहुधा एका बाजूने उभी कड असते, ती खाली येईल असा तळ उलटा बसवा, म्हणजे केक सरकवून ताटलीवर घेता येतो.

आता त्या पोराला जे सांगायचं होतं ते. माझ्या घरातला केझकूखन, २० सेंटीमीटरसाठी. सहाशे ग्रॅम चक्का, रात्रभर टांगलेला, बोट दाबलं तर पाणी दिसू नये इतका कोरडा. डेअरीचा आयता चालतो, पाडवा-दसऱ्याला तर कुठेही मिळतो. त्यात सव्वाशे ग्रॅम साखर, दोन सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर, शंभर ग्रॅम साय किंवा क्रीम, दोन अंडी, एका लिंबाची किसलेली साल. फेटायचं नाही, नुसतं एकजीव करायचं. फेटून हवा भरली की केक फुगतो, मग बसतो आणि बसताना तडकतो. खाली दीडशे ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा आणि सत्तर ग्रॅम वितळलेलं लोणी दाबून बसवायचं. (जर्मनीत खाली मैद्या-लोण्याची खुसखुशीत पोळी असते. ती जास्त चांगली लागते, पण शनिवारी रात्री दहाला कोण लाटतंय.) पॅनखाली एक ताटली हवीच, कारण हे लोणी गळतं आणि ओटीजीचा खालचा रॉड उघडा असतो. १६० डिग्रीला पंचेचाळीस-पन्नास मिनिटं. मध्यभागी जेलीसारखं हललं पाहिजे, पाण्यासारखं नको. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६५-६६ डिग्री म्हणजे झालं. बाहेर काढल्याबरोबर पातळ सुरी कडेने फिरवायची. थंड होताना केक आकसतो, आणि कडेला चिकटलेला असेल तर मधोमध फाटतो. आणि पाण्याची परात नाही! फारच हौस असेल तर खालच्या जाळीवर वेगळ्या ट्रेमध्ये गरम पाणी ठेवा, पॅन त्यात बुडवू नका.

आमच्या आईला अंडं चालत नाही. ती केक म्हटलं की दुरूनच हसायची आणि "तुम्ही खा" म्हणायची. तिच्यासाठी अंडी काढली, साखर आणि क्रीम काढलं, चारशे ग्रॅम चक्क्याला एक चारशे ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि तीच दोन चमचे कस्टर्ड पावडर. अर्ध्या-पाऊण तासात सेट होतो. बंगाली लोक भापा दोई करतात तो जवळपास हाच, वाफेवर. कस्टर्ड पावडरचा जन्मही असाच आहे हे मला नंतर कळलं. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे आणि कस्टर्ड तर हवं असे. आईला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "बघ, तेव्हापासून करतायत नवरे." हे माझ्या बायकोसमोर म्हणाली. असो.

अंड्याशिवायचा अजून एक, आणि माझ्या मते हा आपल्याकडचा स्प्रिंगफॉर्मसाठी सगळ्यात योग्य पदार्थ: ओडिशाचा छेनापोडा. ताजा छेना, साखर, थोडा रवा, वेलची. साखर करपून कडा गडद तपकिरी होईपर्यंत भाजायचा. तिकडे सालाच्या पानांत गुंडाळून मंद आचेवर तासन्‌तास भाजतात. घरी पॅनला आतून केळीचं पान लावलं तर वासही छान येतो. करपलेली कड म्हणजेच त्याचा जीव, आणि साध्या डब्यातून काढताना नेमकी तीच डब्याला चिकटून राहते. इथे कडं सोडता येणं ही चैन नसून गरज आहे.

त्याच न्यायाने बास्क चीजकेक. स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या 'ला व्हिन्या' ह्या बारमधला, १९९० च्या सुमारास सांतियागो रिव्हेरा ह्यांनी तिथे सुरू केलेला. त्याला तळ नाही, परात नाही. बटर पेपर चुरगळून पॅनमध्ये कोंबायचा, मिश्रण ओतायचं आणि दोनशेच्या वर तापलेल्या ओव्हनमध्ये वरून चक्क करपवायचा. ओटीजीवाल्यांसाठी हा देवासारखा आहे. आपल्या ओटीजीचा वरचा रॉड सगळंच करपवतो, इथे ते बरोबर ठरतं. पण मूळ कृतीत जवळजवळ किलोभर क्रीम चीज जातं, त्यामुळे मी वर्षातून एकदाच, बोनसच्या महिन्यात करतो. चक्क्याचा करून बघितला. चांगला होतो, पण तो बास्क राहत नाही, उगाच नाव देऊ नये.

इटलीच्या काप्री बेटावरचा चॉकलेट-बदामाचा तोर्ता काप्रेझे हाही ह्याच गटातला. मैदा नाही, वरची पापडी तडकलेली, उलटा केला तर तिचा भुगा. अंड्यांशिवाय होत नाही म्हणून आमच्याकडे फारसा होत नाही, एवढंच.

आता काय करू नये. पातळ पिठाचा साधा केक नको, तळाशी ओघळून बाहेर येतो. गोव्याचा बेबिंका तर मुळीच नको. थरावर थर घालत वरून भाजायचा आणि प्रत्येक थराला तूप. ते सगळं तूप सांध्यातून रॉडवर. त्याला जाड बुडाचं अखंड भांडंच हवं. ढोकळा वाफेवर होतो, वाफेचं पाणी त्याच फटीतून आत येतं. बिर्याणी... नको ना राव. पातेल्यातून वाढून खायला काय होतं? ती उभी राहते, फोटो येतो, पुढच्या मिनिटाला कोसळते आणि ताटाबाहेरची शितं कुणीतरी वेचत बसतं. कोण, ते सांगायला नको.

एका पदार्थाबद्दल मात्र माझंच मत पक्कं होत नाही. धोंडस. राजापूरकडची आमची आजी मोठ्या काकडीचं करायची. काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. पातेल्यात खाली निखारे, वर झाकणावर निखारे. ओव्हन म्हणजे दुसरं काय असतं? नियमाप्रमाणे धोंडसाला स्प्रिंगफॉर्म लागत नाही, कारण ते पातेल्यातच वड्या कापून खायचं असतं. मी मुद्दाम करून बघितलं, १८० डिग्रीला चाळीस मिनिटं. बकल सोडलं आणि तपकिरी कडांचं, गोल, धोंडस उभं राहिलं. इतकं देखणं धोंडस आमच्या घराण्यात कुणी पाहिलं नसेल. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने ते चारी बाजूंनी पाहिलं, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "चांगलं झालंय. पण खरवड कुठाय?" पातेल्याच्या बुडाला चिकटलेली, सुरीने खरवडून काढायची ती. आम्हा नातवंडांची भांडणं व्हायची तिच्यावरून. बटर पेपर घातला होता ना, चिकटणार कुठून?

त्यामुळे धोंडस परत पातेल्यात गेलं. ओटीजीत, पण पातेल्यात. पातेलं घासायला अर्धा तास लागतो आणि तो मीच घासतो.

बाकी घरातली परिस्थिती अशी की मंगळवार आणि गुरुवारचा रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आलाय. त्याचे फोटो मी काढत नाही, पिठल्याचे कोण काढतं? पहिले दोन महिने ते बेसनाच्या गोळ्यांसकट व्हायचं. बायकोने एकदा शांतपणे विचारलं, "केकचं मिश्रण चाळून घेतोस ना? मग बेसनाने काय घोडं मारलंय?" आता चाळून घेतो. तिचं म्हणणं आहे की पिठलं सुधारलं, भाकरी अजून नकाशासारखी. सासऱ्यांना मात्र अजून केक मिळालेला नाही. ते उद्या येतायत. चक्का काल रात्रीपासून नळाला टांगलाय, खालच्या वाटीत निवळी थेंबथेंब पडतेय, आणि जेवणं आटपून ओटा मोकळा व्हायला अजून तासभर आहे.